उजव्या हाताचं ब्लेड

“सावंतसाहेब, शॉट सुधारेल असं ब्लेड द्या. शनिवारी ट्रायल आहे,” असं म्हणत पाटकरांनी मोडकी हॉकी स्टिक माझ्या काउंटरवर ठेवली. शेजारी एक कागद ठेवला. त्यावर एक्सेलमध्ये केलेला तक्ता होता. अकरा ब्लेडं, प्रत्येकाचा बाक, कोन, वजन, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात पाटकरांनी स्वतः दिलेले मार्क. तक्ता घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला राग येतो. त्यांनी निकाल आधीच लावलेला असतो, माझी फक्त सही हवी असते.

तो सोमवार होता. पाटकर मूळचे डोंबिवलीचे. रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतात. त्यांची मुलगी रेवा चौदा वर्षांची, नववीत. हा माणूस आठवड्यातून तीनदा ड्यूटी संपवून, मुलीला शाळेतून उचलून, सव्वा तास गाडी हाकत दुबईला आमच्या बर्फाच्या रिंकवर येतो. रेवा मागच्या सीटवर होमवर्क करते आणि तिथेच डबा खाते. चार वर्षं हे चाललं होतं.

मी या रिंकच्या प्रो-शॉपमध्ये रिपेअर काउंटर सांभाळतो. प्रो-शॉप म्हणजे रिंकला लागून असलेलं खेळाच्या सामानाचं दुकान. बाहेर पार्किंगमध्ये चपला भाजतील असं ऊन आणि आत मी बारा महिने स्वेटरमध्ये. स्केट्सना धार लावणं, हेल्मेटचे स्क्रू बदलणं, मोडक्या स्टिक जोडणं हे माझं काम. मी खडकीचा. तिथे मैदानावर हॉकी खेळलो, पुढे एका कंपनीच्या टीमकडून खेळलो आणि त्याच जोरावर एकोणीस वर्षांपूर्वी इथे नोकरी मिळाली. हॉकी ती हॉकी, गवतावरची काय आणि बर्फावरची काय, असं तेव्हा मालकाला वाटलं आणि मलाही वाटलं.

आता ब्लेड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आइस हॉकीच्या काही स्टिक दोन भागांत मिळतात. वरचा लांब, चौकोनी, पोकळ दांडा म्हणजे शाफ्ट. खालचं चपटं पातं म्हणजे ब्लेड. ब्लेडला वर एक जीभ असते, ती गोंद लावून शाफ्टच्या पोकळीत बसवायची. ब्लेड मोडलं की हीट गनने शाफ्टचं तोंड तापवायचं, गोंद मऊ झाला की मोडका तुकडा पकडीने ओढून काढायचा आणि नवं ब्लेड आत सरकवायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो निवडण्यात.

कारण ब्लेड सरळ नसतं, ते एका बाजूला वळलेलं असतं. बाक टोकाकडे असला तर पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, चटकन उचलली जाते. बाक मागे, टाचेकडे असला तर जोराचा फटका चांगला बसतो. आणि बाक कुठल्या बाजूला आहे त्यावरून ब्लेड उजवं की डावं ते ठरतं. उजव्या ब्लेडला उजवा हात खाली धरायचा, डाव्याला डावा. शाफ्ट मात्र दोघांना तोच चालतो.

“शॉटला काय झालंय?” मी रेवाला विचारलं. तिने बाबांकडे पाहिलं. उत्तर पाटकरांनीच दिलं. कोच इरेना म्हणतात, स्केटिंगमध्ये ही ग्रुपमध्ये पहिली, पण शॉट मारला की पक बर्फावरून घसरत जातो आणि गोलकीपर तो पायाने अडवते. शनिवारी मुलींच्या टीमसाठी बारा जणी निवडल्या जाणार होत्या. मग पाटकर आवाज खाली आणून म्हणाले, “पुढच्या वर्षी दहावी आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय. सिलेक्ट झाली तर दहावीतही कसंतरी निभावू. नाही झाली तर खलास, हा खेळ बंद.”

रेवा पलीकडे ग्लव्ह्जच्या रॅकपाशी उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. एकच ग्लव्ह ती घालत होती आणि काढत होती.

पाटकरांच्या तक्त्यात सगळ्यात जास्त मार्क मिळालेलं ब्लेड आमच्याकडे होतं. टोकाकडे बाक, तोंड जरा वर. “टू एटी दिरहम, म्हणजे साडेसहा हजार रुपये झाले,” पाटकर मोठ्याने म्हणाले आणि कार्ड पुढे केलं. मी ब्लेड बसवलं, टेप गुंडाळला आणि रेवा बर्फावर गेली.

माझ्या काउंटरसमोर काच आहे, तिच्यातून अर्धी रिंक दिसते. माझ्यापुढे धार लावायच्या नऊ जोड्या पडल्या होत्या, पण हातात जोडी घेतली की मी उठून काचेपाशी जायचो. पक आता उचलला जात होता, पण हवेत लटपटत कुठेतरी कोपऱ्यात जाऊन पडत होता. जोर नव्हताच. इरेनाने लांबूनच माझ्याकडे पाहून दोन्ही खांदे उडवले. ती चेक रिपब्लिकची आहे, फार बोलत नाही. मी एका मुलाच्या स्केटला वाकडी धार लावून ठेवली आणि ती पुन्हा लावावी लागली.

बुधवारी पाटकर नव्या तक्त्यासह आले. मी तो बाजूला सारला आणि रेवाची स्टिक उलटी करून टेप बघितला. एक-दोन प्रॅक्टिसनंतर टेप कुठे झिजतो त्यावरून बरंच कळतं. हिचा फक्त टाचेपाशी झिजला होता, म्हणजे खेळताना ब्लेडचं टोक बर्फावरून उचललं जात होतं. शाफ्ट आणि ब्लेड यांच्यातल्या कोनाला आमच्यात लाय म्हणतात. तो खेळणाऱ्याच्या उभं राहण्याशी जुळला नाही की असं होतं. लाय एका नंबरने कमी असलेलं ब्लेड मी काढलं. पाटकरांना हे अगदी पटलं, कारण यात मोजण्यासारखं काहीतरी होतं. मलाही वाटलं, सापडलं एकदाचं.

तसं काही झालं नाही. ब्लेड आता बर्फावर सपाट टेकत होतं, पण शॉट होता तसाच. मुलगी वाऱ्यासारखी जात होती, वळत होती, आणि मारायची वेळ आली की अंग आखडून घेत होती. मारताना तिचं तोंड बघवत नव्हतं. पाटकर वर गॅलरीत बसून प्रत्येक शॉटनंतर काहीतरी लिहून घेत होते.

इरेनाचा एक नियम आहे. ड्रिलमध्ये जी हरेल तिने शेवटी गोलपाशी साठलेला बर्फाचा भुगा फावड्याने काढायचा. बुधवारी रेवा हरली. तिने प्लॅस्टिकचं रुंद फावडं घेतलं, भुगा ढकलत कठड्यापर्यंत नेला आणि एका झटक्यात कठड्यावरून पलीकडे फेकला. मग दुसरा ढीग, तिसरा ढीग. अंग मोकळं, मनगट सैल, आणि भुगा दर वेळी त्याच जागी जाऊन पडत होता. असा जर शॉट असता, असं माझ्या मनात आलं. मग मी तिचे हात पाहिले. डावा खाली होता.

मी काउंटर तसाच सोडून दारात जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या हातात एक नुसता शाफ्ट दिला. त्याला ब्लेड नव्हतं, म्हणजे उजवं-डावं काही नव्हतं. “धर बघू, शॉट मारायचाय असं समजून,” मी म्हटलं. तिने शाफ्ट घेतला, डावा हात खाली गेला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने हात बदलले.

“सॉरी, अंकल. राइट हॅण्ड डाउन.”

हे तिला कोणी शिकवलं होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिचे दोन्ही हात धरून मीच ते स्टिकवर ठेवले होते.

आपल्या मैदानी हॉकीत डावी स्टिक नसतेच. चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच खेळायचा आणि ती बाजू एकीकडेच असते. त्यामुळे डावखुरा असो की उजवा, प्रत्येकाचा डावा हात वर आणि उजवा खाली. खडकीत आमचे मास्तर हात चुकला की पोटरीवर काठी ठेवून द्यायचे. ते माझ्या अंगात इतकं मुरलेलं की बर्फावरच्या हॉकीत दोन्ही बाजूंची ब्लेडं विकत असूनही आपल्याकडचं मूल आलं की मी उजवं ब्लेड काढायचो. आईबाप विचारायचेच, उजव्या हाताने लिहिते, मग उजवंच ना? मी म्हणायचो, हो, उजवंच. खरं तर आइस हॉकीत उजव्या हाताचे कितीतरी जण डावी स्टिक धरतात. जोरकस हात वर असला की स्टिकवर ताबा चांगला राहतो. हे मला माहीत होतं. गोऱ्या मुलांना मी विचारायचो. आपल्या मुलांना कधीच विचारलं नाही.

मी आधी मॅनेजरकडे गेलो. तारेक लेबनॉनचा आहे, बारा वर्षं दुबईत काढल्यामुळे आमच्याशी हिंदीतच बोलतो. मी सगळं सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.

“हबीबी, सॅटरडे के बाद बोलो. अभी बोलेगा तो बच्ची डिस्टर्ब, फादर डिस्टर्ब, शॉप डिस्टर्ब.”

तारेक वाईट माणूस नाही. त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं, म्हणून तर मला त्रास झाला. ट्रायल तीन दिवसांवर असताना कोणी हात बदलत नाही. चार वर्षांची सवय तीन दिवसांत मोडत नाही. गप्प बसलो असतो तर कुणी मला काही म्हटलं नसतं. रेवा सिलेक्ट झाली नसती, पाटकरांनी गाडी हाकणं बंद केलं असतं आणि ती आयुष्यभर समजत राहिली असती की आपल्याला शॉट जमत नव्हता.

शारजातल्या रोल्लाला घरी जाईपर्यंत मी दोनदा चुकीच्या लेनमध्ये शिरलो. जेवताना बायको म्हणाली, तुमचं लक्ष कुठे आहे, वरण पोळीवर वाढून घेताय. तिला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, की ती आपली मुलगी असती तर शनिवारपर्यंत थांबला असतात का.

गुरुवारी मी पाटकरांना फोन करून प्रॅक्टिसच्या तासभर आधी बोलावलं. दोघं आले. मी काउंटरच्या आत न थांबता बाहेर येऊन उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं. तुमचा तक्ता बरोबर आहे, बाक बरोबर होते, लायही आता बरोबर आहे. बाजू चुकली. हिला डावं ब्लेड हवं होतं आणि चार वर्षांपूर्वी उजवं मी हातात दिलं.

पाटकरांनी आधी हिशेब केल्यासारखं वर बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मला वाटायचं ही मेहनतीत कमी पडते,” ते म्हणाले. “गाडीत खूप बोललोय हो मी तिला. सव्वा तास जाताना आणि सव्वा तास येताना.”

रेवा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“सो इट वॉजन्ट मी?” तिने विचारलं.

“नाही, बाळा. तू नव्हतीस.”

“आय डू फिफ्टी पुश-अप्स एव्हरी डे, अंकल. आय थॉट माय आर्म्स वर वीक.”

मला फार लाज वाटली. एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या तक्रारी पुष्कळ ऐकल्या, पण ही तक्रारसुद्धा नव्हती. ती फक्त सांगत होती. पाटकर खिशात रुमाल शोधत राहिले.

मग प्रश्न आला शनिवारचा. मी म्हटलं, ट्रायल उजव्यानेच दे, सवय आहे, नंतर सावकाश बदलू. पाटकर म्हणाले, तेच सेफ आहे. तारेक ऑफिसच्या दारातून मान डोलावत होता. आम्ही तिघं बाप्ये एकमताने ठरवत असताना रेवाने रॅकवरून डावं ब्लेड काढून आणलं आणि काउंटरवर ठेवलं.

“पुट द लेफ्ट वन. प्लीज.”

मी पाटकरांकडे पाहिलं. त्यांनी ब्लेड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. शेवटी म्हणाले, “बसवा.” मी हीट गन चालू केली. मोडलेलं नव्हतं तरी उजवं ब्लेड ओढून काढलं आणि डावं आत सरकवलं. ब्लेडचे पैसे तारेकने घेतले नाहीत, ते त्याचं त्यानेच ठरवलं.

शुक्रवारी दुपारी पब्लिक सेशनच्या आधी अर्धा तास बर्फ मोकळा होता. रेवाने पन्नास पक मांडले. पहिले दहा तिला धड लागलेच नाहीत, एकदा तर ती स्वतःच आडवी झाली. मी साध्या बुटांनी कठड्याशी उभा होतो आणि पायाखाली बर्फ आहे हे विसरून सारखा पुढे सरकत होतो. विसाव्या-बाविसाव्या पकला तो आवाज आला. गोलच्या वरच्या लोखंडी दांड्यावर पक आदळल्यावर जो टणत्कार होतो, तो. चार वर्षांत तिच्या स्टिकने तो कधी काढला नव्हता. तिने मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. पाटकर आज काही लिहून घेत नव्हते.

पण शॉट म्हणजे सगळा खेळ नव्हे. पास घेणं, पक पायापाशी सांभाळणं, मागे वळून देणं हे सगळं उजव्या बाजूने पक्कं बसलेलं होतं आणि आता ते उलटं झालं होतं. शनिवारी ट्रायलला तिने पहिले तीन पास सोडले. चौथा तिच्या ब्लेडखालून निघून गेला. इरेनाने शिट्टी वाजवली आणि हिने हात का बदलला म्हणून विचारलं. रेवा माझं नाव घेत नव्हती. मी काउंटर सोडून बेंचपाशी गेलो. तारेक तिथेच उभा होता, त्याच्यादेखत मी इरेनाला इंग्लिशमध्ये सांगितलं की चूक माझी आहे, चार वर्षांची आहे. तारेकने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

इरेनाने रेवाच्या ब्लेडकडे पाहिलं. मग म्हणाली, “टू डेज? शी केम हिअर विथ टू डेज?” आणि शिट्टी वाजवून दहा पक मांडायला सांगितले. चार बाहेर गेले. तीन गोलकीपरने अडवले, पण पायाने नाही, हात वर करून. तीन आत गेले, तिन्ही वरच्या जाळीत.

संध्याकाळी यादी लागली. रेवाचं नाव त्यात नव्हतं. इरेनाने पाटकरांना बाजूला घेऊन सांगितलं, जिला पास घेता येत नाही तिला मी टीममध्ये घेऊ शकत नाही. पण वर्षभर ती टीमबरोबर प्रॅक्टिस करू शकते, तिची जागा मी ठेवते. पुढचं तुम्ही ठरवा.

मी यादी वाचली नव्हती, मला धीर झाला नव्हता. स्केट्सच्या डब्यात डोकं खुपसून मी बसलो होतो. पाटकर काउंटरवर आले. मागे रेवा बॅग ओढत येत होती, तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय ठरलं. मला वाटलं आता ते हात मिळवतील, थँक्यू म्हणतील आणि मला परत दिसणार नाहीत.

“दहावीचं बघू काय ते,” पाटकर म्हणाले. “मी हिच्या आईशी बोलतो. तुम्ही एक डावं ब्लेड स्पेअर द्या.”

“बाक कुठला देऊ?” मी विचारलं.

“ते तिला विचारा.”

त्यानंतर मी ग्राहकांची जुनी कार्डं काढली. प्रत्येक मुलाच्या कार्डावर स्टिकची बाजू लिहिलेली असते. आपल्याकडची त्रेचाळीस मुलं निघाली आणि सगळ्या कार्डांवर माझ्या अक्षरात ‘उजवी’. दोन आठवडे मी एकेकाला फोन करून बोलावत होतो. काही आईबाप हसले, एक जण तासभर भांडला, बहुतेक मुलांचं उजवंच बरोबर होतं. नऊ जणांचं चुकलं होतं. शिवाय दोघांनी केव्हाच खेळ सोडला होता. एकाची आई फोनवर म्हणाली, त्याला ते कधी जमलंच नाही हो, त्याच्यात ताकदच नव्हती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आता तो कॉलेजला कॅनडात आहे, त्याला सांगते. दुसऱ्याचा फोन लागला नाही. अजून लावून बघतो अधूनमधून.

धडा म्हणाल तर छोटा आहे. ब्लेड घेताना बाक बघावा, लाय बघावी, टेप कुठे झिजलाय ते बघावं. पण त्याआधी मुलाच्या हातात नुसता दांडा द्यावा आणि दुकानदाराने गप्प उभं राहावं. यातलं शेवटचं मला अजून जड जातं.